डिजिटल कॅमेरा फिल्मची जागा घेणार का? एका कॅमेरामनचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पंधरा मिनिटांचा पहिला लघुपट करताय. गावातली जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी-चौथीतली मुलं, आठ दिवसांचं शूटिंग आणि मोजके पैसे. एक मित्र म्हणतो, १६ एमएमच्या अरुंद फिल्मवर कर, खरा सिनेमा फिल्मवरच होतो. दुसरा म्हणतो, फिल्म कधीच संपली, तिच्या नादी लागू नकोस. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की डिजिटलने फिल्मची जागा कायमची घेतली का, आणि आज फिल्म शिकण्यात काही अर्थ आहे का.

मी १९९४ साली मुंबईत कॅमेरा असिस्टंट म्हणून कामाला लागलो. पहिली सोळा-सतरा वर्षं फिल्मवर गेली, नंतरची जवळजवळ सगळी डिजिटलवर. दोन्हींनी मला पोटाला दिलंय, त्यामुळे कुणाची बाजू घ्यावी अशी स्थिती नाही. पण तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत आणि ते सोडवल्याशिवाय तुमचे दोन्ही मित्र अर्धे-अर्धे बरोबरच वाटत राहतील. चित्रपट दाखवायचा कशावर, शूट करायचा कशावर, आणि जपून ठेवायचा कशावर, हे ते तीन प्रश्न. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

दाखवण्याचं लवकर संपवतो, कारण तिथला निकाल लागलाय. पूर्वी ३५ एमएमच्या एका प्रिंटला साठ-सत्तर हजार रुपये पडायचे. मराठी निर्माता मोजक्या प्रिंटा काढायचा. त्या आधी मुंबई-पुण्यात लागायच्या आणि तिथून उतरल्या की सांगली, बार्शी, परभणीकडे जायच्या. तोवर रिळांवर हिरव्या-पांढऱ्या रेघा पडलेल्या, कुठे जोड तुटून चार वाक्यं गेलेली. डिजिटल प्रोजेक्शन आल्यावर बार्शीच्या माणसाला पुण्याच्याच दिवशी, पुण्याइतकंच स्वच्छ चित्र बघायला मिळू लागलं. मराठी सिनेमासाठी ही फार मोठी गोष्ट झाली आणि मी ती मनापासून मानतो. अमेरिकेतही पॅरामाउंटसारख्या स्टुडिओने २०१४ च्या सुमारास तिथल्या थिएटरांना फिल्मच्या प्रिंटा देणं थांबवलं.

आता शूटिंगचं. इथे बदल फार थोड्या वर्षांत झाला. २००७ मध्ये रेड वन हा डिजिटल कॅमेरा आला. २००८ चा ‘स्लमडॉग मिलियनेअर’ मुंबईच्या गल्लीबोळांत बराचसा एसआय-२के या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर शूट झाला होता आणि पुढच्याच वर्षी त्याला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. २०१० मध्ये अ‍ॅरी कंपनीचा अलेक्सा हा डिजिटल कॅमेरा बाजारात आला आणि आमच्या धंद्यातल्या ज्या जुन्या लोकांना तोवर डिजिटल पटत नव्हतं, त्यांचाही विरोध मावळला. २०११ च्या अखेरीस बातमी आली की अ‍ॅरी, पॅनाव्हिजन आणि आटोन या तिघांनीही नवे फिल्म कॅमेरे बनवणं थांबवलंय. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी फुजीने शूटिंगची फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोडॅकचे आकडे बघा. २००६ मध्ये त्यांची सिनेमाची फिल्म विकली गेली १,२४० कोटी फूट. २०१४ साठीचा अंदाज होता ४४.९ कोटी फूट. आठ वर्षांत शंभरातले शहाण्णव फूट नाहीसे झाले.

यातला मोठा वाटा थिएटरच्या प्रिंटांचा होता, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आणि मला जे खरं सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. फिल्म राहणार की जाणार हे कॅमेऱ्यावर ठरत नाही, ते लॅबवर आणि कारखान्यावर ठरतं.

लॅबमध्ये रंगीत निगेटिव्ह धुण्याचं रसायन, म्हणजे डेव्हलपर, ४१.१ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं, त्यात दशांशाची चूक चालत नाही. फिल्म त्यातून साधारण तीन मिनिटं जाते. जितके फूट धुतले जातात, तितक्या प्रमाणात नवं रसायन घालून ते पाणी जिवंत ठेवायचं असतं. रोज भरपूर फूट येत असतील तर हे आपोआप सांभाळलं जातं. आठवड्यातून चार डबे येऊ लागले की रसायन बसल्या जागी बिघडतं, रंग निळसर किंवा हिरवट झुकतो आणि ते दुरुस्त करण्याचा खर्च त्या चार डब्यांतून निघत नाही. प्रिंटांचं काम होतं तोवर लॅबचा पगार त्यातून भागत होता, निगेटिव्ह धुणं हे त्याच्या जोडीचं काम होतं. थिएटरं डिजिटल झाल्यावर प्रिंटा गेल्या, पाठोपाठ २०१३-१४ च्या आसपास मुंबई-चेन्नईच्या मोठ्या लॅबचे प्रोसेसिंग विभाग एकामागून एक बंद झाले. तिथली माणसं निगेटिव्ह नुसतं उजेडासमोर धरून सांगायची, ‘तिसऱ्या शॉटला अर्धा स्टॉप कमी आलाय.’ (स्टॉप हे उजेडाचं माप, एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट.) त्यांतले कितीतरी जण नंतर दुसऱ्याच नोकऱ्यांना लागले. ही माणसं परत गोळा करता येत नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारखान्याचंही तसंच. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅकच्या ज्या इमारतीत फिल्मवर इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, चढवतात, तिथलं यंत्र मैलभर लांबीच्या रुंद पट्ट्यावर चालतं. दहा डबे हवेत म्हणून दहाच डब्यांपुरतं ते चालवता येत नाही. म्हणून २०१५ मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंनी कोडॅकशी फिल्म घेत राहण्याचे करार केले. ते झाले नसते तर आज आपण हा प्रश्न भूतकाळात विचारत असतो. त्यानंतर मागणी हळूहळू वाढली. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं छायाचित्रणाचं ऑस्कर फिल्मवर शूट झालेल्या चित्रपटांना गेलं, ‘ओपेनहायमर’ आणि ‘द ब्रूटलिस्ट’. कोडॅकने २०२४ मध्ये उत्पादन काही काळ थांबवून कारखान्याची सुधारणाही केली. बंद करायला निघालेला कारखाना असा खर्च करत नाही.

म्हणजे शूटिंगपुरतं सांगायचं तर डिजिटलने रोजच्या कामाची जागा घेतली, ती परत जाणार नाही. मालिका, जाहिराती, मराठी चित्रपट, माहितीपट, सगळं तिकडे गेलं. फिल्म उरली ती वरच्या टोकाला, ज्यांच्यापाशी पैसा आणि आग्रह दोन्ही आहे त्यांच्याकडे, आणि दुसऱ्या टोकाला शिकणाऱ्यांकडे आणि थोडं थोडं पण जिद्दीने शूट करणाऱ्यांकडे. मधला मोठा पट्टा, ज्यात माझ्यासारखे कामाला लागलो, तो रिकामा झाला.

चित्रात फरक पडतो का, हे तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण मित्राच्या ‘खरा सिनेमा’ या शब्दांमागे तेच आहे. पडतो. कुठे पडतो ते एका उदाहरणाने सांगतो. वाईला एका वाड्यात मी काही वर्षांच्या अंतराने दोनदा शूट केलं, आधी फिल्मवर, नंतर डिजिटलवर. जागा तीच. माजघरात बाई बसलेली, मागे दार, दाराबाहेर दुपारचं अंगण. फिल्मवर मी मीटरने चेहऱ्यावरच्या उजेडाचं रीडिंग घेतलं, अंगण साडेचार-पाच स्टॉप वर होतं, तसंच जाऊ दिलं. निगेटिव्हचा स्वभाव असा की जास्तीचा उजेड ती हळूहळू पचवते. अंगण सायीसारखं झालं, तुळशीवृंदावनाची कड तरी दिसत राहिली. डिजिटलवर त्या काळच्या एका स्वस्त कॅमेऱ्यावर तेच केलं तेव्हा अंगण कागदासारखं पांढरं झालं आणि त्या पांढऱ्याची धार बाईच्या खांद्याला कापल्यासारखी लागली. शेवटी दाराला काळ्या जाळीचे दोन थर लावले, आत एक लाइट वाढवला, मग ते जमलं.

त्याच वाड्यात रात्रीचा समईचा प्रसंग होता. फिल्मवर ५०० एएसएचा, म्हणजे कमी उजेडात चालणारा, स्टॉक असूनही समईच्या मागे लपवून दोन छोटे दिवे लावावे लागले होते, नाहीतर सावल्या चिखलासारख्या आल्या असत्या. डिजिटलवर दोन समया आणि भिंतीवर परतणारा थोडासा उजेड एवढ्यावर काम झालं, आणि बाईच्या हातातल्या हिरव्या बांगडीचा हिरवा रंग अंधारात टिकला. तो शॉट फिल्मवर मला तसा मिळाला नसता. आजचे चांगले कॅमेरे त्या अंगणालाही बरंच सांभाळून घेतात. २०२२ चा अलेक्सा ३५ सतरा स्टॉपपर्यंतचा उजेड-अंधार धरतो असं त्याचे बनवणारे सांगतात आणि माझा अनुभव त्याच्या आसपासचाच आहे.

मग फिल्मचं वेगळेपण कशात? सेन्सरवरचे बिंदू प्रत्येक फ्रेमला त्याच जागी असतात. फिल्मच्या प्रत्येक फ्रेममध्ये चांदीचे कण नव्याने, वाटेल तसे विखुरलेले असतात. रंगीत निगेटिव्ह धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे सूक्ष्म ठिपके उरतात. त्यामुळे रिकामी भिंतसुद्धा पडद्यावर किंचित हलती राहते. हा गुण इतका हवासा वाटतो की २०२१ चा ‘ड्यून’ डिजिटलवर शूट करून, नंतर फिल्मवर उतरवून, परत स्कॅन केला गेला. पण हेही लक्षात घ्या की आज फिल्मवर शूट केलं तरी निगेटिव्ह धुतल्याबरोबर स्कॅन होते. पुढचं एडिटिंग, रंगांचं काम, थिएटरला जाणारी फाइल, सगळं डिजिटल. ‘पूर्ण फिल्मवरचा’ सिनेमा आज जगात क्वचितच कुणी करतो.

फिल्मने मला खरं जे शिकवलं ते चित्राच्या पोतापेक्षा सेटवर कसं वागायचं यात होतं. असिस्टंट असताना माझं काम मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याला लागणारी फिल्मची पेटी, भरायचं. चेंजिंग बॅग म्हणजे जाड काळ्या कापडाची पिशवी, तिला इलॅस्टिकच्या दोन बाह्या. मॅगझिन आणि फिल्मचा डबा आत ठेवायचा, चेन लावायची, हात कोपरापर्यंत आत घालायचे. मे महिन्यात कोल्हापूरजवळच्या एका माळावर लिंबाच्या झाडाखाली बसून भरतोय, आत हात घामाने निथळतायत, फिल्मला घाम लागू नये म्हणून कडेला दोन बोटांनीच धरायची, छिद्रं चाचपत टोक फटीतून बाहेर काढायचं. डोळे उघडे असून उपयोग नाही, मी ते मिटूनच घ्यायचो. बाहेर सगळं युनिट थांबलेलं. मग शॉट सुरू व्हायचा आणि मधेच कॅमेरामन हळूच विचारायचे, ‘किती उरलंय?’

‘साठ फूट, सर.’

३५ एमएम मिनिटाला ९० फूट पळते. साठ फूट म्हणजे चाळीस सेकंद. प्रसंग पन्नास सेकंदांचा असेल तर दिग्दर्शकाला तिथेच ठरवावं लागायचं. मॅगझिन बदलायचं, संवाद कापायचा, की हे साठ फूट एखाद्या हाताच्या क्लोजअपसाठी राखून ठेवायचे? त्यामुळे तालमी व्हायच्या. नट शब्द पाठ करून यायचे. कॅमेरा चालू झाल्याची खडखड ऐकली की चहावाल्यापासून सगळे गप्प उभे राहायचे. डिजिटलवर मी असे दिवस पाहिलेत की दिग्दर्शक ‘कट’ म्हणतच नाही, वीस मिनिटं कॅमेरा चालू, नट थकतो आणि सातव्या वेळी पहिल्याहून वाईट करतो. हा कॅमेऱ्याचा दोष नाही, आणि ती शिस्त डिजिटलवर पाळायला कुणी अडवलेलं नाही. फक्त ती आता स्वतः ठरवून पाळावी लागते.

तिसरा प्रश्न जपण्याचा. यावर फार कमी बोललं जातं आणि माझी खरी काळजी तीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका निर्मात्याचा फोन आला. आम्ही २०१२ मध्ये केलेला मराठी चित्रपट त्यांना एका ओटीटीला द्यायचा होता. त्यांच्याकडे दोन हार्ड डिस्क होत्या, एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या, दोन्ही एकाच कपाटात. एक फिरेचना. दुसरीत रंगांच्या कामाची फाइल होती, पण ती ज्या सॉफ्टवेअरवर केली होती त्याची ती आवृत्ती कुठे चालत नव्हती. थिएटरची फाइल सापडली, तिला कुलूप होतं, आणि ते उघडणारी किल्ली ज्या पोस्ट स्टुडिओकडे होती तो बंद झालेला. शेवटी टीव्हीसाठी काढलेली दाबलेली कॉपी दिली. ज्या समईच्या शॉटसाठी आम्ही रात्र जागवली होती, त्यात आता अंधाराच्या जागी चौकोन दिसतात. त्याच निर्मात्यांचा १९९८ चा चित्रपट मात्र नीट निघाला, कारण त्याची निगेटिव्ह डब्यात होती. पुसली, स्कॅन केली, काम झालं.

म्हणून फिल्म अमर आहे असं मी म्हणणार नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, आज कुठेच उपलब्ध नाही. २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, म्हणजे जुन्या प्रभातच्या जागेतल्या गोदामाला आग लागून जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, कारण नायट्रेट स्वतःच पेट घेणारी वस्तू आहे. नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म मुंबईच्या दमट हवेत आंबते, डबा उघडला की व्हिनेगरचा वास नाकात जातो आणि पट्टी आक्रसून वाकडी झालेली असते. पण थंड, कोरड्या जागी नीट ठेवलेली फिल्म कुणी हात लावला नाही तरी टिकते. डिजिटलला हात लावत राहावा लागतो. मोठी कामं एलटीओ या डेटा साठवायच्या चुंबकीय टेपवर ठेवतात, पण आठव्या पिढीचं यंत्र फक्त सातव्या आणि आठव्या पिढीच्या टेप वाचतं. चौथ्या पिढीची टेप ठणठणीत असली तरी त्यात घालून उपयोग नाही. दर काही वर्षांनी सगळं पुढच्या टेपवर उतरवायचं, त्याचा खर्च दर वेळी. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ मध्ये हिशोब मांडला होता: एका चित्रपटाचा डिजिटल मास्टर जपायला वर्षाला १२,५१४ डॉलर, फिल्मचा जपायला १,०५९ डॉलर. तेव्हापासून साठवण बरीच स्वस्त झालीय, पण दर काही वर्षांनी उतरवत राहण्याचं काम चुकलेलं नाही. इथे डिजिटलने फिल्मची जागा अजून घेतलेली नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

आता तुमचा लघुपट. १६ एमएम मिनिटाला ३६ फूट जाते. पंधरा मिनिटांच्या चित्रपटाला एकास सहा या प्रमाणात, म्हणजे वापरायच्या एका मिनिटामागे सहा मिनिटं, अशी नव्वद मिनिटं शूट करायची म्हटली तर ३,२४० फूट, म्हणजे ४०० फुटांचे नऊ डबे. चाचणीचा एक धरा, दहा. त्यावर धुणं, स्कॅन, भाड्याचा कॅमेरा आणि तो चालवू शकणारा असिस्टंट. आणि ज्यांनी कधी कॅमेरा पाहिला नाही अशी आठ-नऊ वर्षांची मुलं एकास सहात बसत नाहीत. त्यांना वेळ द्यावा लागतो, कॅमेरा विसरेपर्यंत थांबावं लागतं. डबा संपत आलाय म्हणून तुम्ही घाई केलीत की ती घाई त्यांच्या चेहऱ्यावर येते. तुमच्या कथेत दोन म्हातारी माणसं ओट्यावर बसून बोलतायत असं असतं आणि लॅब तुमच्या शहरात असती, तर मी कदाचित उलट सांगितलं असतं. या चित्रपटासाठी डिजिटल घ्या.

पण एकास दहाच्या पुढे जाणार नाही असं ठरवून घ्या आणि ते कागदावर लिहून असिस्टंटकडे द्या. सगळं मिळून अडीच तास होतील. चांगल्या कॅमेऱ्याचं २.८के चं (आडवे सुमारे २,८०० बिंदू) कच्चं, न दाबलेलं चित्र तासाला साधारण ६०० जीबी होतं, म्हणजे दीड टीबी. तीन कॉप्या करा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर, आणि एक तुमच्या घरी ठेवू नका, मामांकडे किंवा कुणाकडेही दुसऱ्या गावात ठेवा. वर्षातून एकदा तिन्ही लावून बघायच्या, दिवाळीची साफसफाई करताना करा म्हणजे विसरणार नाही. तयार चित्रपटाची एक कॉपी कुलूप नसलेली ठेवा.

फिल्म शिकायची असेल तर ती वेगळी शिका, या लघुपटाच्या जिवावर नको. एखादा जुना स्टिल कॅमेरा मिळवा, ३६ फोटोंचा रोल घाला, प्रत्येक फोटोआधी रीडिंग वहीत लिहा आणि रोल धुऊन आला की वहीशी ताडून पाहा. असे पाच रोल केलेत की उजेड डोळ्यांनी ओळखता येऊ लागतो. पुढे जमलं तर १६ एमएमची १०० फुटांची एक रीळ, ती पावणेतीन मिनिटांची असते, मित्राच्या बोलेक्सवर, म्हणजे चावीच्या छोट्या फिल्म कॅमेऱ्यावर, चालवा. पण डबा विकत घेण्याआधी लॅबला फोन करा आणि धुण्याची पुढची तारीख कोणती ते विचारा. विमानाने नेणार असाल तर डबे हाताने तपासायला सांगा. माझ्या एका युनिटचे डबे एक्स-रे यंत्रातून गेले आणि पूर्ण दिवसाच्या कामावर करडा थर चढला.

तुम्ही लिहिलंय की वर्गाला पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्या आहेत आणि महत्त्वाचा प्रसंग शेवटच्या तासाचा आहे. शूटिंगच्या आधी एकदा दुपारी चार वाजता मीटर घेऊन तिथे जा. तिसऱ्या बाकावर बसलेल्या मुलाच्या गालाशी रीडिंग घ्या, मग खिडकीबाहेरच्या मैदानाचं घ्या. चार-पाच स्टॉपचा फरक असेल तर काहीच करू नका. सात-आठचा असेल तर खिडकीला जाळी लावण्याआधी बाकं फिरवून बघा, म्हणजे उजेड मुलांच्या बाजूने येईल आणि खिडकी चौकटीच्या बाहेर जाईल. मास्तरांना आधी विचारून ठेवा, आणि फळा कोणत्या भिंतीवर आहे ते मला कळवा.